पालथी भांडी

आईनं दोन्ही हातांचा आडोसा केला होता आणि नाक जवळजवळ काचेला टेकवून ती आत बघत होती. आत कुणाचं तरी स्वयंपाकघर. लोखंडी चूल, तिच्यावर किटली, टेबलावर टवके उडालेली इनॅमलची ताटली, एक खोलगट पातेलं, पाठ मोडलेली खुर्ची. भिंतीवरचा फुलाफुलांचा कागद सुटून साडीच्या निरीसारखा खाली लोंबत होता. धुळीचा थर इतका जाड की भांड्यांच्या कडा मऊ वाटत होत्या. मी मागं उभी. आता ही "अरेरे" म्हणेल किंवा "केवढी धूळ गं" म्हणेल, असं मला वाटलं. ती बराच वेळ काहीच बोलली नाही. मग काचेपासून चेहरा न हलवता म्हणाली, "जाताना भांडी पालथी नाही घातली गं तिनं."

"कुणी?"

"हिनं. जिचं घर आहे तिनं."

"जिचं घर होतं" असं नाही म्हणाली. तीन महिने झाले या गोष्टीला, आई केव्हाच पुण्याला परत गेली, पण ते वाक्य माझ्या स्वयंपाकघरात राहिलंय. रात्री ओट्यावरची भांडी आवरताना हात थांबतो.

ते गाव बोडी. कॅलिफोर्नियाच्या पूर्व कडेला, सिएरा नेवाडाच्या पलीकडे, ८,३७९ फुटांवर. आई दोन महिन्यांसाठी आली होती आणि मॉल, मंदिर, मित्रमंडळींकडची जेवणं हे सगळं पहिल्या तीन आठवड्यांतच संपलं. तिला काहीतरी दाखवायचं म्हणून सप्टेंबरात आम्ही तिघं निघालो. टायोगा खिंड ओलांडून मोनो तळ्याकाठी मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ३९५ नंबरचा हायवे धरून उत्तरेला गेलो. मग उजवीकडे फाटा. तेरा मैलांचा रस्ता, त्यातले शेवटचे तीन मैल खडीचे. गाडी थडथडायला लागली तशी आई सावरून बसली. "आता कसं गावाला चालल्यासारखं वाटतंय," म्हणाली. बाहेर झाड नावाची वस्तू नाही. करड्या-हिरव्या खुरट्या झुडपांनी भरलेल्या टेकड्या, मधूनमधून पिवळ्या फुलांचे पुंजके, आणि वर इतकं निळं आभाळ की डोळे मिटून घ्यावेत.

पार्किंगला उतरल्यावर पहिला आला तो वास. आई तिथंच थांबली. कडेच्या करड्या झुडपाचं एक पान, न तोडता, तिनं दोन बोटांत चुरगाळलं आणि बोटं नाकाशी नेली. "अगं, हा दवणा!" मी म्हटलं, आई, इथं कुठला दवणा, हे सेजब्रश. ती ऐकेना. चैत्रात देवाला वाहतात तोच वास, म्हणाली, जरा उग्र आहे एवढंच. रात्री मुक्कामी आल्यावर मी शोधून बघितलं तर दोन्ही वनस्पती नुसत्या एकाच कुळातल्या नाहीत, तर एकाच प्रजातीगटातल्याही निघाल्या. आर्टेमिसिया. आपला दवणा आणि अमेरिकेतल्या या कोरड्या माळावरचं झुडूप सख्खे चुलत. आईला सांगितलं तेव्हा तिला मुळीच नवल वाटलं नाही. नाकाला कळलं होतं ते मला वाचून कळलं, एवढाच तिच्या लेखी फरक होता.

उंचीमुळे तिला दम लागत होता. वीस पावलं चालायचं आणि उभं राहायचं, असं आमचं चाललं. त्यामुळे झालं काय, की बाकीचे लोक दीड तासात जे गाव बघून जातात ते आम्ही दिवसभर बघितलं, प्रत्येक खिडकीपाशी थांबून. उन्हानं लाकूड काही ठिकाणी जांभळट काळं झालंय, काही ठिकाणी मधासारखं. फळ्यांच्या शिरा वर आल्यात, म्हाताऱ्या हातांवरच्यासारख्या. एक हॉटेल तर पार कलंडलंय आणि त्याला बाजूनं वासे लावून टेकू दिलाय. वाऱ्याचा आवाज सतत, आणि कुठंतरी सैल झालेला पत्रा खडखड वाजतोय. लोक आपोआप हळू आवाजात बोलतात. आजारी माणसाच्या खोलीत बोलतात तसं.

आईला गावाची हकिगत हवी होती. मी वाचत होते, ती ऐकत होती. १८५९ साली बोडी नावाच्या माणसाला इथं सोनं सापडलं. त्याच हिवाळ्यात तो सामान आणायला गेला, परतीच्या वाटेवर हिमवादळात सापडला आणि गेला. त्याच्या नावाचं स्पेलिंगही पुढं गावानं बदलून टाकलं. आई म्हणाली, "म्हणजे ज्याचं नाव, त्यानं गावच नाही पाहिलं." पुढची पंधरा-सतरा वर्षं इथं फारसं काही नव्हतंच. १८७६ मध्ये सोन्याचा मोठा साठा लागला आणि मग माणसांचा पूर आला. १८८० च्या आसपास सात-आठ हजार वस्ती, कुणी दहा हजारही सांगतात. दोन हजार इमारती. दारूचे गुत्ते, जुगाराचे अड्डे, वर्तमानपत्रं, चिनी मजुरांची वेगळी आळी. बोडीला जायचं ठरलेल्या घरातल्या एका लहान मुलीनं आपल्या वहीत "देवा, आता निरोप, आम्ही बोडीला चाललो" असं लिहिल्याची कथा अजून सांगतात. खरी असेल-नसेल. पण ते वाचून दाखवताना माझा आवाज जरा अडकला. मीही एकविसाव्या वर्षी दोन बॅगा घेऊन या देशात आले तेव्हा विमानात असंच काहीसं मनात म्हटलं होतं.

टेकडीच्या उतारावर स्टँडर्ड कंपनीची गिरणी उभी आहे. राखाडी पत्र्याची, पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरलेली. सोनं म्हणजे नदीत चाळणी धरून वेचायचे पिवळे कण, असं आपल्या डोक्यात असतं. बोडीचं सोनं तसं नव्हतं. ते दगडात मिसळलेलं. खाणीतून दगड काढायचा, गिरणीत आणायचा आणि कुटायचा. गिरणीत लोखंडी मुसळं होती, वीस. यंत्र ती उचलायचं आणि सोडायचं, रात्रंदिवस. दगडाचं पीठ झालं की पाण्याबरोबर पारा लावलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून सोडायचं, म्हणजे सोनं पाऱ्याला धरून राहतं. "कांडपच की," आई म्हणाली. मग थोड्या वेळानं: "त्या आवाजात पोरं कशी निजवली असतील?" या गिरणीनं पंचवीस वर्षांत दीड कोटी डॉलरच्या आसपास सोनं दिलं. मला तो आकडा आता आठवून लिहावा लागतोय. आईचा प्रश्न आठवावा लागत नाही.

इंजिनं चालवायला लाकूड लागे आणि थंडीत ऊब आणायलाही लाकूड लागे. बोडीला तर झाडं नाहीत. म्हणून १८८१ मध्ये मोनो तळ्याच्या दक्षिणेच्या जंगलापर्यंत बत्तीस मैलांची अरुंद रेल्वे टाकली, केवळ लाकडासाठी. देशातल्या दुसऱ्या कुठल्याही रेल्वेला ती कधी जोडली गेली नाही. आसपासच्या टेकड्यांवरचे पिन्यॉन पाइनही तुटले. त्या झाडांना चिलगोज्यासारख्या बिया येतात, आणि इथले मूळचे पायूट लोक हिवाळाभर त्या बियांवर जगायचे. सोन्याच्या गावाची हकिगत सांगताना हे वाक्य शेवटी, जाता जाता येतं. माझ्याकडूनही इथं तसंच आलंय, आणि ते मला बरं वाटत नाही.

आपल्याकडे महसुलाच्या दप्तरात एक शब्द आहे, बेचिराख. गाव कागदावर आहे, शीव आहे, गट नंबर आहेत, पण वस्ती नाही, दिवा लावायला कुणी नाही. आईनं तोच शब्द वापरला. "हे बेचिराख गाव." आणि गंमत वाटावी असा योग म्हणजे या बेचिराख गावात वीज फार लवकर आली होती. १८९२-९३ च्या सुमारास तेरा मैलांवरच्या ग्रीन क्रीक ओढ्यावर वीज तयार करून तारेनं गिरणीपर्यंत आणली. इतक्या लांब वीज नेणं तेव्हा नवलाचं होतं. तारा शक्य तितक्या सरळ रेषेत टाकल्या होत्या, वळणावर वीज बाहेर सांडेल या भीतीनं, असं सांगतात.

मग हे सगळं सोडून लोक गेले कधी? आईला वाटलं होतं एका रात्रीत. साथ, नाहीतर भूकंप. घरात तसंच टाकलेलं सामान बघून तसंच वाटतं. पण बोडी एका रात्रीत रिकामं झालं नाही. सोनं कमी होत गेलं तसतशी माणसं दुसऱ्या खाणींकडे गेली. १८८६ पर्यंत दीड हजार उरली. १९१० च्या जनगणनेत ६९८. १९२० मध्ये १२०. १९३२ च्या आगीत गावाचा बहुतेक भाग जळाला. एका लहान मुलानं काड्यांशी खेळताना लावली म्हणतात. १९४२ मध्ये युद्धासाठी सरकारनं सोन्याच्या खाणी बंद केल्या, त्याच साली पोस्टही बंद झालं. म्हणजे साठ वर्षं हे गाव रिकामं होत होतं. प्रत्येक वेळी कुणीतरी एकच घर बंद करून जात होतं आणि उरलेले बघत होते. सामान का नाही नेलं? कारण या डोंगरातून खाली न्यायचं भाडं त्या सामानाच्या किमतीहून जास्त पडायचं. पलंग, आरसे, पियानो, शवपेट्या, दुकानातले डबे, सगळं मागं राहिलं. शाळेच्या खिडकीतून पृथ्वीचा गोल दिसतो, बाकं दिसतात. दुकानाच्या फळ्यांवर माल अजून मांडलेला आहे.

"म्हणजे वेळ होता तिला," आई म्हणाली. "मग तरी पालथी घालायला हवी होती."

इथं मला आजोळाबद्दल लिहायला हवं. आईचं माहेर भीमेकाठी, इंदापूर तालुक्यात. सत्तरच्या दशकात उजनीचं धरण होत आलं तेव्हा ते गाव पाण्याखाली जाणाऱ्या गावांत होतं. आई तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांची, माझा भाऊ कडेवर. आवराआवरीला माहेरी गेली. तिच्या सांगण्यात त्या दिवसांचा आवाज फार आहे. खिळे उपटल्याचा, माळवदाच्या तुळया खाली उतरवताना माणसांनी दिलेल्या हाळ्यांचा. त्या माणसांनी काहीही मागं ठेवलं नाही. दारं चौकटींसकट काढली. उंबरा काढला. जातं, पाटा, उखळ, गव्हाण, बैलांचे खुंटेसुद्धा. चिरे मोजून गाडीत भरले, कारण नव्या गावठाणात दगड विकत घ्यावा लागणार होता. बोडीत सामान न्यायला परवडत नव्हतं, आजोळी ठेवायला परवडत नव्हतं. शेवटच्या दिवशी चार उघड्या भिंती राहिल्या, वर छप्पर नाही. आणि आजीनं त्या घरात शेण कालवलं आणि जमीन सारवली. आजोबा चिडले. उद्या पाणी येणार तिथं सारवून काय करतेस? आजीनं उत्तर दिलं नाही. सारवून झाल्यावर चुलीच्या जागी, एक तडा गेलेलं गाडगं होतं, नेण्याच्या लायकीचं नव्हतं, ते तिनं पालथं घातलं आणि मागं न बघता गाडीत जाऊन बसली.

हे मी पहिल्यांदा बोडीच्या एका बाकावर बसून ऐकलं. अठ्ठेचाळीस वर्षांची झाले, आणि आजीनं सारवल्याचं मला माहीत नव्हतं.

"का घालतात गं पालथी?" मी विचारलं. लहानपणापासून बघत आलेय. गावाला निघताना आई शेवटी स्वयंपाकघरात जाऊन एकेक भांडं उलटं करायची, मगच कुलूप. आई म्हणाली, पाल पडते, झुरळ पडतं, धूळ बसते. मग जरा थांबून म्हणाली, "आणि आल्यावर लगेच सरळ करून चहा टाकता येतो." मी पुढं काही विचारलं नाही.

एका घराच्या छपरावर दोन माणसं काम करत होती. सडलेल्या लाकडी पट्ट्या काढून नव्या बसवत होती. नवं लाकूड पिवळंधमक दिसत होतं, दोन-चार हिवाळ्यांत तेही करडं होईल. बोडी १९६२ पासून राज्याचं ऐतिहासिक उद्यान आहे. त्याआधी केन नावाच्या कुटुंबानं उरलेलं गाव विकत घेऊन राखणदार ठेवले होते, म्हणून ते लुटलं गेलं नाही. उद्यानाचं धोरण असं, की पडझड जिथं आहे तिथं थांबवायची. छप्पर गळू द्यायचं नाही, भिंत पडू द्यायची नाही, फुटली काच बदलायची. पण रंग लावायचा नाही, नवं करायचं नाही, आतली धूळ पुसायची नाही. मी हे आईला नीट समजावलं. तिनं शांतपणे ऐकलं. "म्हणजे बरंही होऊ द्यायचं नाही आणि मरूही द्यायचं नाही," म्हणाली. तिच्या बोलण्यात टीका नव्हती. माझ्या वडिलांचे शेवटचे आठ महिने तिनं काढलेत, तिला ते काम काय असतं ते माहीत आहे. छपरावरच्या माणसांकडे ती बराच वेळ बघत राहिली. त्यातल्या एकानं हात हलवला तसा तिनंही हलवला.

दुपारी संग्रहालयात गेलो. खाणकामगारांच्या युनियनचा जुना हॉल आहे तो. तिथं पत्रं ठेवली आहेत. इथून खिळा, काचेचा तुकडा, असं काहीबाही उचलून नेलेल्या लोकांनी ते पोस्टानं परत पाठवताना लिहिलेली. नेल्यापासून आमच्या घरात आजारपण, नोकरी गेली, अपघात झाला, कृपया हे पुन्हा जागेवर ठेवा. बोडीचा शाप म्हणतात. माझा शापावर विश्वास नाही. पण कुणीतरी एक गंजका खिळा पाकिटात घालून, तिकीट लावून, हजार मैलांवरून परत पाठवतो, यात मला फार काही दिसतं. आईनं दोन पत्रं माझ्याकडून वाचून घेतली. तिकडं चर्चमध्ये पूर्वी दहा आज्ञा रंगवलेलं मेणकापड टांगलेलं होतं, चोरी करू नकोस हीसुद्धा त्यांतलीच. ते चोरीला गेलं. ते काही परत आलेलं नाही.

दफनभूमी टेकडीवर आहे. आईला चढवेल असं वाटलं नव्हतं, पण ती आली. कुंपणाच्या आत मानाची माणसं, कुंपणाबाहेर ज्यांना गावानं आत घेतलं नाही ती. एका लहान थडग्यावर संगमरवराचा छोटा देवदूत आहे. तीन वर्षांची एव्हलिन, १८९७. खड्डा खणणाऱ्या माणसाच्या मागं जाऊन उभी राहिली आणि त्यानं कुदळ उचलली ती तिला लागली, असं सांगतात. आईनं पदर डोक्यावर घेतला. दवण्याच्या वासाची बोटं तिनं त्या दगडावर टेकवली आणि काही न बोलता उतरायला लागली. उतरताना माझा दंड तिनं घट्ट धरला होता.

बंद व्हायची वेळ होत आली. सावल्या लांब झाल्या, वारा गार झाला. एका घराच्या धुराड्यातून धूर निघत होता. तिथं उद्यानाची माणसं राहतात, बर्फात रस्ते बंद होतात तेव्हाही. तो धूर बघून आईला बरं वाटलेलं मला दिसलं. मी गाडीकडे वळले, पण ती वळली नाही. सकाळच्या त्या खिडकीपाशी पुन्हा गेली. आता ऊन पश्चिमेकडून थेट आत पडलं होतं. सकाळी जो कोपरा काळोखात होता तिथं एक फळी होती, तिच्यावर काहीतरी पांढरं.

"कप आहेत," आई म्हणाली. "पालथे आहेत गं. बघ, बशीवर पालथे घातलेत."

मी काचेला डोळा लावला. माझाच श्वास काचेवर धरला. पुसून पुन्हा बघितलं तर पांढरं दिसलं, गोल दिसलं, पण कडा वर आहे की बूड वर आहे ते धुळीत मला उमगेना. मागून नवरा हाक मारत होता, गेट बंद करतायत म्हणून. "हो आई, पालथेच आहेत," मी म्हटलं. आणि घाईघाईनं एक फोटो काढला.

गेल्या रविवारी फोनवर तिनं विचारलं, त्या कपांचा फोटो पाठव ना, मावशीला दाखवायचाय. मी शोधून काढला आणि बोटांनी मोठा केला. काचेवर ऊन चमकलंय. मागच्या टेकड्या दिसतात, गिरणीचा पत्रा दिसतो, आणि मधोमध, बरोबर फळी असेल तिथं, आईचा चेहरा आहे, डोक्यावर हिरव्या काठाचा पदर, आत बघणारा. कप त्याच्या मागं आहेत.

तोच पाठवला.